सातही वारांचे उपास

आधीच सांगते, माझं वजन किती होतं आणि किती झालं हे मी इथे कुठेही लिहिणार नाही. हा आजार ज्या मुलींना असतो त्या असलं काही वाचायला घेतलं की आधी आकडा शोधतात. मीही शोधायचे. दुसरीचा आकडा आपल्यापेक्षा कमी दिसला की जळफळाट व्हायचा. उपाशी राहण्यासाठी मी काय काय युक्त्या केल्या तेही सांगणार नाही. त्यासाठी कुणी आलं असेल तर त्यांनी परत जावं. पण जमलं तर थांबा, बसा थोडा वेळ.

मला सांगायचं आहे ते एकटेपणाबद्दल. मला डॉक्टर मिळाले, औषधं मिळाली, आईच्या हातची पेज मिळाली. पण "मलाही असंच झालं होतं गं" असं म्हणणारं माणूस महाड-पोलादपुरात एकही मिळालं नाही. आज आपल्या घरात कुणी तशी बसलेली असेल, तर हे तिच्यासाठी आहे.

खांब सरळ करायचं काम

माझं नाव शीतल. घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. आई तिथे भात आणि नाचणी करते. वडील मुंबईत एका इमारतीत वॉचमन आहेत, गणपतीला आणि शिमग्याला येतात. बारावीनंतर मी कॉलेजसाठी महाडला आत्याकडे राहायला आले आणि तिथलीच झाले. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिला मूलबाळ नाही, काका जाऊन बरीच वर्षं झाली. मी आल्यावर घरात बोलायला माणूस आलं, असं ती सगळ्यांना सांगायची.

कॉलेज संपल्यावर बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत नोकरी लागली. लग्नाचे फोटो कॉम्प्युटरवर नीट करायचे, हे माझं काम. नीट करायचे म्हणजे नवरीचा रंग उजळ करायचा, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची, दंड आणि कंबर बारीक करायची. नवरीची आई माझ्या खुर्चीमागे उभी राहून सांगते, "अजून थोडी घे आत, अजून थोडी." कंबर माउसने आत ढकलली की मागचा मांडवाचा खांबही तिच्याबरोबर वाकतो. मग तो खांब परत सरळ करायचा. कच्चा कारागीर कंबर ओढतो आणि खांब विसरतो. मी कधी विसरले नाही. स्टुडिओच्या मालकांना आम्ही भाऊ म्हणतो. ते गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचे, "आमच्या शीतलच्या हाताखालून गेली की म्हशीची हरणी होते!" आणि मी हसायचे.

पोज दाखवायला भाऊ मुंबईहून फॅशनची मासिकं आणत. जाडजूड, गुळगुळीत, मध्येच एखाद्या पानाला अत्तराचा वास येणारी. नवरी पान उघडून बोट ठेवायची, "अशी पोज पाहिजे." तिला पोज नको असायची, ती बाई व्हायचं असायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ती मासिकं चाळत बसायचे. त्यातल्या बायकांच्या मागेही मला वाकलेल्या रेषा दिसायच्या. खिडकीची चौकट कमरेपाशी किंचित आत गेलेली, फरशीची रेघ मांडीपाशी तुटलेली. मुंबईचे कारागीरही कधीकधी खांब विसरतात, हे बघून मला बरं वाटायचं.

मुलींना सांगा की ते फोटो खरे नसतात, असं हल्ली सगळे म्हणतात. सांगा, जरूर सांगा. पण मी ते खोटं रोज स्वतःच्या हाताने करत होते, आणि तरी भुलले.

झालं असं, की एका लग्नात मी लाइट धरायला गेले होते आणि नवरीच्या मागे फोटोत आले. दुसऱ्या दिवशी तो फोटो पडद्यावर उघडला तर आधी माझाच दंड दिसला, पोपटी ब्लाउजच्या बाहीत गच्च बसलेला. म्हटलं, कोण ही? नवरीच्या आधी मी तो दंड बारीक केला. मग कंबर. मग हनुवटीखालचं. अख्खी दुपार गेली, नवरी तशीच राहिली. शेवटी पडद्यावर जी मुलगी उभी होती ती मला इतकी आवडली की डोळ्यांत पाणी आलं. मागचा खांब मी न विसरता सरळ केला होता. त्या संध्याकाळी मी आत्याला सांगितलं, आज भात नको, भूक नाही.

पुण्य

आत्या दर सोमवारी उपास करते. मी म्हटलं, मीही धरते. तिला इतका आनंद झाला की हातातलं काम टाकून शेजारी सांगायला गेली. एकादशी आणि दुप्पट खाशी अशी आपल्याकडे म्हणच आहे, आणि आत्याच्या घरी ती खरी व्हायची. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचे काप. मला त्यातलं काहीच नको होतं. "मी कडक धरते," मी म्हटलं. आत्याने माझ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मग मी शनिवार धरला, मारुतीचा. मग गुरुवार, दत्ताचा. आपल्याकडे देव काही कमी नाहीत, आणि त्यांच्यापैकी एकही विचारायला येत नाही.

आळीत माझं नाव झालं. हल्लीच्या मुलींत असं बघायला मिळत नाही, असं बायका माझ्या देखत म्हणायच्या. मार्गशीर्षात शेजारच्या काकूंनी मला कुमारिका म्हणून जेवायला बोलावलं. मी गेले, हळदकुंकू लावून घेतलं, आणि आज उपास आहे म्हणून न जेवता उठले. काकू वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला. मला लाज वाटली, आणि तेवढंच गोडही वाटलं. स्टुडिओत येणाऱ्या बायका देवाचं काही विचारत नसत. त्या म्हणायच्या, "किती छान बारीक झालीस गं! काय करतेस, आम्हाला पण सांग की." धडधाकट होते तेव्हा माझं एवढं कौतुक कुणी कधी केलं नव्हतं.

पण एकेक माणूस सुटत गेलं. आपल्याकडे कुणाला भेटायचं म्हणजे काहीतरी खायचं. समोरच्या मोबाइलच्या दुकानातली रेश्मा माझी मैत्रीण. दुकानं बंद झाली की आम्ही चवदार तळ्यापर्यंत चालत जायचो, येताना भेळ घ्यायचो. भेळ नको म्हणून मी चालणं नको म्हणू लागले. रेश्माने बरेच दिवस हाक मारली, मग सोडून दिली. भाऊंनी वडापाव मागवले की मी आतल्या खोलीत काहीतरी शोधायला जायचे. लग्नात पंगत बसली की कॅमेऱ्याची बॅग सांभाळत मांडवाबाहेर उभी राहायचे. आत शेकडो माणसं जेवत असायची, हसत असायची, आग्रह करत असायची. मी बाहेर उभी राहून त्यांच्या पानांतलं काय किती आहे ते मोजायचे.

मे महिन्यात महाडच्या उकाड्यात मला थंडी वाजू लागली. मी स्वेटर घालून स्टुडिओत जायचे. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे, हातांवर मात्र बारीक लव उगवली होती. पाळी बंद झाली. तेव्हा मला काय वाटलं सांगू? बरं झालं, आता उपासात खंड पडणार नाही. आत्याने विचारलं तर मी खोटं सांगायचे.

आणि एवढं करून आरशात मला दिसायचा तो पोपटी बाहीतला दंडच.

डॉक्टरबाई

एका साखरपुड्याला लाइट हातात असतानाच मी पडले. भाऊंनी तिथे पाहुणी म्हणून आलेल्या रेश्माला स्कूटरवर मागे बसवून, मला मध्ये धरून दवाखान्यात नेलं. अशक्तपणा आहे म्हणून सलाइन लागलं. नंतर रक्त तपासून झालं, थायरॉइड झालं, छातीचा फोटो झाला. सगळं ठीक. वाडीत आईने गावच्या देवऋष्याला विचारलं, त्याने बाहेरचं काहीतरी आहे म्हणून दंडाला दोरा बांधायला दिला. आईने तो बांधला तेव्हा दंडावर तो सैल झाला. दोरा अजून आवळावा लागला म्हणून मी मनात खूश झाले. एवढी मी त्या आजारात बुडाले होते.

मग कुणीतरी महाडमधल्याच एका नव्या डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. आत्या मला घेऊन गेली. बाईंनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. हातावरची लव बघितली. मग विचारलं, "जेवण कसं आहे?"

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "जेवणाची तक्रार नाही हो मॅडम. उपास असतात तिचे. फार करते देवाचं."

"कुठले उपास?"

"सोमवार तर आम्ही दोघीही करतो." आत्याचा चेहरा फुलला होता. "मंगळवार गणपतीचा. गुरुवार दत्ताचा. शुक्रवार देवीचा. शनिवार मारुतीचा."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी एकच वेळ जेवते. विठोबाचा वार."

"ती एक वेळ कधी?"

"संध्याकाळी. म्हणजे, स्टुडिओतून दमून येते, मग भूक नाही म्हणते कधीकधी."

"रविवारी?"

"रविवारी..." आत्या थांबली. "रविवार सूर्याचा धरलाय तिने. श्रावणापासून."

बाई नुसत्या आत्याकडे बघत राहिल्या, आणि आत्या माझ्याकडे वळली. इतकी वर्षं महाडात राहून आत्या शहरातलं बोलते. त्या दिवशी तिच्या तोंडून वाडीची बोली आली.

"शीतू," ती म्हणाली, "मंग तू जेवतेस कवा गो?"

मी खाली बघितलं. मला आधी वाटलं ते एवढंच, की आता हे माझं काढून घेणार.

बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, अ‍ॅनोरेक्सिया. मनाचा आजार आहे, पण मारतो शरीराला, असं त्या म्हणाल्या. माझ्या हृदयाचे ठोके फार मंद झाले होते. आजच भरती करा, झोपेत थांबले तर कुणाला कळणारही नाही, असं त्यांनी आत्याला बजावलं. आत्याने ते नाव म्हणून बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आमच्या वाडीत त्याला नाव नाही, त्यामुळे तो आजार आहे हे कुणाला पटवताही येत नाही. मी मरू शकते हे मला खरं वाटलं नाही. पण बाईंनी लिहून दिलेला कागद आत्या उलटा धरून वाचत होती, ते बघून भीती वाटली.

वॉर्ड

इस्पितळात सकाळी वजन व्हायचं, काट्याकडे पाठ करून. सिस्टर आकडा लिहून घ्यायच्या आणि वही छातीशी धरायच्या. खाणं थोडं थोडं द्यायचे. उपाशी शरीरात एकदम अन्न घातलं तर तेही सोसत नाही म्हणे. थोडं असलं तरी संपवायचं, आणि संपेपर्यंत सिस्टर शेजारी बसणार. अर्धी वाटी मऊ भातासमोर मी तासभर बसलेली आहे. सगळा वॉर्ड बघायचा. कुणाचा पाय मोडलेला, कुणाला ताप, कुणाची पोटाची शस्त्रक्रिया झालेली, आणि ही बाई भात खाताना रडते.

शेजारच्या खाटेवर कशेडीकडच्या एका गावातली म्हातारी होती. तिने विचारलं, "तुला काय झालाय गो?"

"जेवत नाही मी."

"जात नाय?"

"जाड होईन अशी भीती वाटते."

म्हातारी हसली. इतकी हसली की तिला ढास लागली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून एकदम गप्प झाली. "बरा," एवढंच म्हणाली. त्यानंतर माझं जेवण आलं की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. घरी जाईपर्यंत तिने हे केलं. अख्खा वॉर्ड बघत असताना एक माणूस ठरवून बघत नव्हतं. तिचं नाव मी विचारलं नाही, याची आता हळहळ वाटते.

आई पोलादपूरहून एसटीने यायची. येताना स्टीलच्या डब्यात पेज आणायची, आमच्याच भाताची. सिस्टरने परवानगी दिली तरी माझ्याने ती ओठाला लाववली नाही. आई डबा हातात धरून उभी राहिली.

"काय गो, माज्या हातची पेज नको झाली तुला? आमी काय इख घातलाव तिच्यात?"

"तसं नाही गं आई."

"मंग कसा? पावसात कंबर मोडून लावलाय तो भात. कुनासाठी लावतो आमी?"

तिची कंबर लावणीने मोडलेली, आणि मी माझी भातापासून वाचवत होते. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळल्याने भूक लागत नाही. भाताकडे बघितलं की मला भीती वाटायची, विंचू बघितल्यावर वाटते तशी खरीखुरी भीती, आणि हे मी आईला कुठल्या तोंडाने सांगणार? वाडीत अन्नाला पाय लागला तर कान धरतात. वडील मुंबईहून फोन करायचे आणि विचारायचे, "टॉनिक घेतेस ना?" मी हो म्हणायचे. मग ते फोन ठेवायचे.

या सगळ्यांचं माझ्यावर प्रेम होतं, आणि त्यांच्यात एकालाही माझ्या जवळ येता येत नव्हतं.

अबोला

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. यापुढे एकही उपास नाही, आणि एकटीने जेवायचं नाही. पुन्हा घसरलीस तर या वेळी हृदय ऐकेलच असं नाही, हेही सांगितलं. महिन्यातून एकदा पनवेलला मनाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. त्यांचंही म्हणणं तेच पडलं, की कुणीतरी बरोबर जेवायला बसलं पाहिजे. या आजाराची गाठ एकांतात जास्त घट्ट होते.

बरोबर बसणार कोण? आई वाडीला, तिला शेत आणि गुरं सोडून राहता येईना. उरली आत्या, आणि आत्याने अबोला धरला होता.

इस्पितळात ती रोज आली होती. कपडे धुतले, सिस्टरच्या हातापाया पडली, वॉर्डात खाली चटई टाकून झोपली. पण माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर एकदाच बोलली.

"माझ्याशी खोटं बोललीस ते जाऊ दे. पोरं बोलतात खोटं. पण तू देवाला मध्ये घातलंस, शीतल. मी गावभर सांगत फिरले, माझी भाची अशी, माझी भाची तशी. मी बाजूच्या बाईला तुझ्या पाया पडू दिलं."

मी म्हटलं, "आत्या, मी आजारी होते."

"असशील. मला ते समजत नाही."

ती वेळच्या वेळी स्वयंपाक करायची, माझं ताट वाढून झाकून ठेवायची, आणि आतल्या खोलीत जाऊन बसायची. मी एकटी झाकण काढायचे. आजार समोर येऊन बसायचाच. तो म्हणायचा, बघ, हिलाही तू नकोशीच आहेस, कशाला खातेस? कधी मी जिंकायचे, कधी तो. हरल्याच्या दिवशी उरलेल्या भाताचं काय व्हायचं ते सांगत नाही. घर दोन खोल्यांचं. भिंतीपलीकडे आत्याच्या बांगड्यांचा आवाज ऐकू यायचा. एवढ्या जवळ माणूस असून इतकं एकटं मला वाडीच्या रानातही कधी वाटलं नव्हतं.

ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना मला सांगायचंय की रागवा, हवं तेवढं रागवा. आमच्यामुळे तुम्ही फसलेले असता, घाबरलेले असता. पण राग घेऊन पानावर या. दुसऱ्या खोलीत जाऊ नका.

खऱ्या बायका

भाऊंनी माझी खुर्ची कुणाला दिली नव्हती. मी परत गेले त्या दिवशी त्यांनी मासिकं उचलून माळ्यावर टाकली होती. काही दिवसांनी मात्र स्वतःच एक नवं मासिक घेऊन आले. "हे बघ, तुझ्यासारख्यांसाठी काढलंय," म्हणाले. खास अंक होता तो. आम्ही खऱ्या बायका दाखवतो, जशा आहेत तशा, असं वर मोठ्या अक्षरांत. मी उघडला. जरा भरलेल्या अंगाची एक बाई खिडकीत उभी होती, मोकळी हसत होती. मला खरंच बरं वाटलं. मग नजर मागे गेली. खिडकीचा गज तिच्या कमरेपाशी किंचित आत वाकला होता.

मी मोठमोठ्याने हसले. खऱ्या बाईचीही कंबर ओढली होती, आणि वर गज विसरले होते! भाऊ गिऱ्हाइकाकडे होते. रेश्माकडे बघितलं तर ती फोनवर. सांगायला कुणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तर समजलंही नसतं.

त्या आठवड्यात एका नवरीचा अल्बम आला होता. दंड बारीक करा, असं तिच्या आईने बजावून सांगितलं होतं. पोरगी छान होती, हात भरलेले, कोपरापर्यंत चुडा. मी रंग नीट केला, मागची एक विजेची तार पुसली, आणि दंडांना हात लावला नाही. अल्बम न्यायला तिची आई तिला घेऊनच आली. तिने पानं उलटली, चष्मा लावून परत उलटली. "बघ," ती मुलीला म्हणाली, "बारीक केल्यावर किती छान दिसतेस."

मी अल्बम कागदात गुंडाळून दिला. मात्र तेव्हापासून कुणी फारच हट्ट धरल्याशिवाय मी कुणाची कंबर ओढत नाही. भाऊंना माहीत आहे. ते कानाडोळा करतात.

एवढं शहाणपण आलं म्हणजे आजार गेला असं वाटेल. नाही गेला. त्या थंडीत मी परत घसरू लागले. हळूहळू, कुणाला दिसू नये असं. कुर्ते सैल होऊ लागले, जिना चढताना धाप लागू लागली. पनवेलच्या डॉक्टरांनी काटा बघून पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, पुढच्या खेपेला असंच दिसलं तर मुंबईला पाठवावं लागेल. परत येताना एसटीत शेजारी आत्या बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. महाड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

महाशिवरात्र

त्यानंतर थोड्याच दिवसांनी महाशिवरात्र आली. त्या दिवशी आत्याच्या घरात अन्न शिजत नाही. माझा आजार सकाळपासून खुशीत होता. आज कुणी भात वाढणार नाही, आज तुला कुणी काही म्हणणार नाही, आज देवच तुझ्या बाजूने आहे. दुपारी घरी गेलेच नसते तरी चाललं असतं. पण औषधाची गोळी घरी राहिली होती.

दारातच शिजलेल्या भाताचा वास आला. मला वाटलं आपण चुकून शेजारच्या दारात आलो.

आत्या स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. नुकतीच देवळातून आलेली, कपाळाला भस्म, केस ओले. समोर दोन ताटं. दोन्हींत वरणभात, वर तूप, बाजूला बटाट्याची भाजी.

"बस," ती म्हणाली.

"आत्या, आज महाशिवरात्र आहे."

"ते तू मला शिकवतेस? वीरेश्वराला जाऊन आले आत्ता. सांगून आले त्याला."

"मग हे?"

"दोघींचं आहे. बस म्हणते ना."

मी बसले. आत्याने परकरात असल्यापासून या दिवशी अन्नाला हात लावलेला नाही. तापात नाही, काका इस्पितळात होते तेव्हाही नाही. तिने भात कालवला. घास उचलला. हात तोंडापर्यंत गेला आणि थांबला. तिचे ओठ हलत होते. मग तिने डोळे मिटून घास तोंडात घातला.

तो खाली जाईना. मी बघत होते. तिचा गळा हलायचा आणि परत थांबायचा, डोळ्यांच्या कडेला पाणी आलं होतं, एक हात जमिनीवर घट्ट दाबून धरलेला. घास तोंडात आहे आणि आतून कुणीतरी ओरडतंय, थुंक, थुंकून टाक, हे काय केलंस. तो चेहरा मला माहीत होता. मी तो आतून ओळखत होते. दुसऱ्या कुणाच्या तोंडावर मी तो कधी पाहिला नव्हता.

तिने पाण्याचा घोट घेऊन घास उतरवला. तोंड पुसलं. मग माझ्याकडे बघितलं, कितीतरी महिन्यांनी सरळ बघितलं.

"असं होतं तुला?" तिने विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज."

"परत्येक घासाला गो?"

मी मान हलवली. आत्याने ताट जवळ ओढलं.

"माझा राग काय गेलेला नाय," ती म्हणाली. "पन तू घे. मी घेते, तू घे."

आणि तिने दुसरा घास उचलला.